रेघ, ठिपका आणि चित्राची घडी

जमिनीच्या जुन्या दप्तरात शेताचे दोन तऱ्हेचे कागद सापडतात. बांधाच्या तंट्यापायी ज्यांनी कधी मोजणी कचेरीची पायरी चढली असेल त्यांना हे ठाऊक आहे. एक टिपण आणि दुसरा नकाशा. टिपणातली आकृती ओबडधोबड असते, ती प्रमाणात काढलेली असतेच असे नाही. पण तिच्यावर मापे लिहिलेली असतात. शेतामधून एक सरळ रेघ धरायची, आणि तिच्यावर अमुक साखळ्या अमुक आणे गेल्यावर उजवीकडे इतक्या अंतरावर एक कोपरा, पुढे डावीकडे तितक्या अंतरावर दुसरा, असा तो हिशेब. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. नकाशा त्यामानाने दिसायला सुबक. पण त्यावरून माप काढायचे तर पट्टी लावावी लागते, आणि रेघेच्या जाडीइतका घोटाळा तेथे ठेवलेलाच. समजा, एका इंचास ६६० फूट असे नकाशाचे प्रमाण आहे आणि रेघ इंचाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी जाड आहे. ती एवढीशी रेघ जमिनीवर तेरा फूट रुंद होते! तेरा फुटांत किती भाऊबंद कोर्टात गेले असतील, ते तुम्हीच सांगा.

टिपणावरून नकाशा केव्हाही काढता येतो. हव्या त्या प्रमाणात, हवा तितका मोठा. नकाशावरून टिपण करू गेलात तर हाती अंदाज येतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे आज मी जे सांगणार आहे त्यातला निम्मा भाग तुम्हांला अगोदरच आला असे समजायला हरकत नाही.

कॉम्प्युटरवरची चित्रेही अशीच दोन जातींची असतात. एका जातीत रेघ कोठून सुरू होते, कोठे संपते, वळण कसे घेते, आत रंग कोणता, हे सगळे आकड्यांनी लिहून ठेवलेले असते. हे कॉम्प्युटरचे टिपण. जाणकार त्याला व्हेक्टर चित्र म्हणतात. दुसऱ्या जातीत चौकटीच्या कागदासारखी बारीक घरे असतात आणि प्रत्येक घराचा रंग नोंदवलेला असतो. या घराला पिक्सेल म्हणतात. आपण ठिपका म्हणू. घराघरांच्या दोसुती कापडावर टाक्यांचे भरतकाम करणाऱ्या बायकांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. लांबून पाहिले तर मोर दिसतो, जवळ गेले तर नुसते टाके. आता अडचण अशी की पडदा असो वा छापण्याचे यंत्र, दोघांनाही शेवटी ठिपकेच कळतात. म्हणजे रेघेचे चित्र कधी ना कधी ठिपक्यांत उतरवावे लागते. आणि ठिपके लाखांनी असल्यामुळे साठवायला, धाडायला त्यांची घडीही घालावी लागते. हे उतरवणे आणि ही घडी माणसे कशी शिकली, याचा इतिहास फार जुना नाही. साठ-सत्तर वर्षांचा आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस, यंत्रविद्येतला नव्हे. पण हाही इतिहासच आहे, आणि त्यात आपल्या देशाच्या माणसाचा हात आहे.

१९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड नावाच्या तरुणाने आपला प्रबंध सादर केला. त्याने स्केचपॅड नावाची योजना तयार केली होती. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेघ ओढायची आणि यंत्राने ती लक्षात ठेवायची. लक्षात ठेवायची म्हणजे ठिपके नव्हेत, तर तिची टोके आणि इतर रेघांशी असलेले तिचे नाते: ही तिला समांतर, ही तिच्याएवढी लांब. आकृती मोठी केली तरी रेघ फाटत नसे, कारण ती पुन्हा नव्याने काढली जाई. टिपणाचे सगळे गुण त्यात होते.

पण त्या टिपणातली रेघ ठिपक्यांवर उतरवायची कशी? हे कोडे एका वर्षाआधीच, १९६२ साली, आयबीएम कंपनीतल्या जॅक ब्रेझनहॅम याने सोडवले होते. त्याच्यापुढे होते कागदावर पेन फिरवणारे यंत्र. ते बारीक बारीक पावले टाकी. पुढे, वर किंवा तिरपे. तिरकी रेघ त्याला सरळ ओढताच येत नसे. भागाकार करायला त्या काळच्या यंत्राला वेळ लागे, म्हणून ब्रेझनहॅमने नुसत्या बेरीज-वजाबाकीवर काम भागवले. त्याची युक्ती इतकी साधी आहे की शाळेत चौकटीच्या वहीवर मुलांकडून करून घेता येईल. शिक्षकमंडळींनी अवश्य करून पाहावी.

समजा, सात घरे उजवीकडे आणि तीन घरे वर जायचे आहे. उधारीची एक वही धरा. उजवीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाला वहीत तीन मांडा. उधारी साताच्या निम्म्याहून, म्हणजे साडेतीनाहून, वर गेली की एक घर चढा आणि वहीतून सात वजा करा. पहिल्या पावलाला उधारी तीन, चढायचे नाही. दुसऱ्याला सहा झाली. चढा, सात वळते केले, आता उलट यंत्राचेच एक येणे निघाले. तिसऱ्याला उधारी दोन, चौथ्याला पाच, पुन्हा चढा. पाचव्याला एक, सहाव्याला चार, तिसऱ्यांदा चढा. सातव्या पावलाला वही पाहा: बाकी शून्य! आणि तुम्ही बरोबर सात घरे पुढे, तीन घरे वर. हा हिशेब १९६५ साली छापून प्रसिद्ध झाला. रेघ ठिपक्यांत उतरवण्याचे काम चालते तेथे तो आजही पहिल्या धड्यात शिकवतात.

मात्र अशी काढलेली रेघ जवळून पाहिली तर तिला पायऱ्या दिसतात. दिसणारच, चौकोनी घरांतून तिरके जायचे म्हणजे जिना झालाच. त्यावर उपाय रांगोळी घालणाऱ्या हाताला सुचावा तसा आहे. रेघ ज्या घरातून अर्धीच गेली तेथे पूर्ण काळा रंग न भरता अर्धा काळा, म्हणजे करडा, भरायचा. लांबून डोळ्याला जिना दिसत नाही, उतार दिसतो. फ्रँक क्रो या अमेरिकन संशोधकाने १९७७ साली या दोषाची आणि त्याच्या उपायांची रीतसर चर्चा केली. कडेचे हे करडे ठिपके लक्षात असू द्या. पुढे त्यांचे काम आहे.

वळणदार रेघांची युक्ती निघाली फ्रान्समध्ये, आणि तीही मोटारींच्या कारखान्यांत. मोटारीचे पत्रे वाकवायचे तर वळण नेमके सांगता आले पाहिजे. सित्रोएं कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने १९५९ साली ती रीत काढली, पण कंपनीने ती कुलपात ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए याने स्वतंत्रपणे तशीच रीत काढून प्रसिद्ध केली, म्हणून नाव त्याचे राहिले. वळणाची दोन टोके आणि त्याला आपल्याकडे ओढणारे दोन बिंदू, एवढ्या चार बिंदूंत अख्खे वळण मावते. पतंगाच्या दोरीला दोन बाजूंनी हलका ताण द्यावा तसे.

या वळणांवर अक्षरे उभी राहिली. १९८४ साली अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा बाजारात आणली. पानावर काय कोठे काढायचे ते छापण्याच्या यंत्राला रेघांच्या बोलीत सांगायचे, आणि ठिपके त्याचे त्याने पाडायचे. पुढच्याच वर्षी अॅपल कंपनीचा लेझररायटर आला. तो इंचाला ३०० ठिपके पाडी. साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच लांब पान घ्या. ठिपके झाले ८४ लाखांवर! चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा आकडा आपण पोथीत ऐकतो, तो येथे एका पानात. त्या यंत्राची किंमत ६,९९५ डॉलर होती. नवल नाही, तेवढे ठिपके एका दमात ध्यानात ठेवायचे तर त्या काळी तशी स्मरणशक्ती महागच पडे.

आपल्या देवनागरीची गोष्टही या ओघात सांगितली पाहिजे. मराठी कवी आणि अक्षरांचे थोर जाणकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा देवनागरी टंक घडवला. लाखो मराठी माणसांनी कॉम्प्युटरवर मराठी पहिल्यांदा वाचली ती त्या टंकात. त्यातले प्रत्येक अक्षर म्हणजे वळणांचे टिपण. पडद्यावर ते दिसते तेव्हा त्या क्षणी त्याचे ठिपके होतात. आणि आपली शिरोरेखा मोठी मानी! ती दोन ओळींच्या मध्ये पडली तर दोन्ही ओळी करड्या होऊन शब्द मळकट दिसतो. म्हणून लहान आकारात तिला अलगद उचलून एका पूर्ण ओळीवर बसवण्याच्या सूचना टंकात घालता येतात. रोमन लिपीला अशी सलग शिरोरेखा नाही, त्यामुळे ही चिंता तिला एवढी नाही.

आता घडीकडे वळू. घडी दोन प्रकारची. एक लुगड्याची, उलगडले की जसेच्या तसे. दुसरी आंब्याच्या पोळीची. रस आटवून पोळी झाली, चव राहिली, पण तिचा पुन्हा आंबा होत नाही.

पहिल्या प्रकारात आपण रोज करतो तेच करतात. 'पांढरा, पांढरा, पांढरा' असे हजार वेळा लिहिण्यापेक्षा 'पांढरा, हजार वेळा' असे लिहायचे. रेघेच्या चित्रात अशी मोकळी रांगच रांग असते, त्यामुळे घडी घट्ट बसते. याची थोडी पुढची पायरी डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने गाठली. १९५१ साली एमआयटीत त्याच्या प्राध्यापकांनी, रॉबर्ट फानो यांनी, वर्गाला सांगितले की परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. हफमनने परीक्षा टाळली आणि जे वारंवार येते त्याला आखूड खूण, जे क्वचित येते त्याला लांब खूण, अशी सर्वांत काटकसरीची योजना शोधून काढली. तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टमध्येही वारंवार येणाऱ्या अक्षराला आखूड खूण असे, पण यापेक्षा काटकसर शक्य नाही अशी योजना हफमनची. परीक्षा टाळण्याचे इतके चांगले कारण माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने मला अजून दिलेले नाही. पुढे इस्राएलमधल्या याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी १९७७ आणि १९७८ साली आणखी एक रीत दिली: मजकुराचा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता 'मागील प्रमाणे' म्हणायचे. १९८४ साली टेरी वेल्च याने तिच्यात सुधारणा केली, आणि तीच घेऊन कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली जिफ हा चित्रांचा प्रकार काढला. त्यात एका चित्राला २५६ रंग. रेघेच्या चित्राला तेवढे पुष्कळ.

जिफ जगभर पसरला. आणि मग, १९९४ च्या डिसेंबराच्या अखेरीस, युनिसिस कंपनीने जाहीर केले की वेल्चच्या सुधारणेचे पेटंट आमच्याकडे आहे, तेव्हा जिफ तयार करणाऱ्या कार्यक्रमांनी आम्हांला मोबदला द्यावा. सात वर्षे लोक ज्या वाटेने गाड्या हाकत होते त्या वाटेवर अचानक जकातनाका उभा राहिला! लोक चिडले, पण नुसते चिडून बसले नाहीत. १९९५ च्या आरंभीच जगभरातली काही जाणती माणसे पत्रव्यवहाराने एकत्र आली आणि त्यांनी पेटंटमुक्त असा नवा प्रकार आखला. तोच पीएनजी. १९९६ च्या ऑक्टोबरात त्याला मान्यता मिळाली. त्यात रंगांची मर्यादा उठली, अर्धपारदर्शक कडा ठेवण्याची सोय झाली, आणि घडी लुगड्याचीच राहिली. युनिसिसचे अमेरिकेतले पेटंट २००३ साली संपले. तोवर पीएनजीचे पाय घट्ट रोवले गेले होते. कोणाच्या मालकीचे नसलेले आणि सर्वांच्या उपयोगाचे असे काही दीड-दोन वर्षांत उभे राहते, हे मला त्या काळातले मोठे काम वाटते. गावाने वर्गणी न काढता, नुसत्या श्रमदानाने विहीर खणावी तसे ते झाले.

दुसऱ्या, आंबापोळीच्या घडीचे नाव जेपेग, आणि येथे आपल्या देशाचा माणूस भेटतो. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. तेथेच विश्वेश्वरय्यांच्या नावाच्या महाविद्यालयात ते इंजिनिअर झाले आणि पुढे अमेरिकेत जाऊन कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी तिकडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे एका कल्पनेसाठी पैसे मागितले. पैसे मिळाले नाहीत. परीक्षकांना कल्पना फारच साधी वाटली, असे अहमद यांनी पुढे लिहिले आहे. तरी ते मागे लागले. त्यांचा शिष्य टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव, हे दोघेही भारतीयच, यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत त्यांनी चार पानांचा लेख छापला. चारच पाने! आज जगात रोज जी असंख्य छायाचित्रे फोनवरून धाडली जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात ती चार पाने आहेत.

कल्पना सांगतो. चित्राचा आठ घरे लांब, आठ घरे रुंद असा तुकडा घ्या. चौसष्ट ठिपके झाले. धान्य चाळण्यांतून काढतात तसा हा तुकडा चौसष्ट चाळण्यांतून काढायचा. पहिल्या चाळणीत येतो तुकड्याचा सरासरी उजेड; पुढे मोठाले चढउतार, आणि शेवटच्या चाळण्यांत अगदी बारीक थरथर. छायाचित्रात, म्हणजे आभाळ, गाल, पिकाचा पट्टा यांत, बहुतेक माल पहिल्या काही चाळण्यांतच पडतो. शेवटचा बारीक भुगा फेकून दिला तरी डोळ्याला कळत नाही. १९८६ साली तज्ज्ञांची एक संयुक्त समिती बसली, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून जेपेग हे नाव आले, आणि १९९२ साली तिने या रीतीला जागतिक मानकाचे रूप दिले. भुगा टाकल्यावर उरलेल्या आकड्यांवर पुन्हा हफमनची काटकसर. अहमदांची चाळणी आणि हफमनचा न दिलेला पेपर असे एकत्र आले.

येथवर सगळे छान. घोळ होतो तो रेघेचे चित्र जेपेगच्या हवाली केल्यावर.

पांढऱ्यावर काळी रेघ म्हणजे काय? एका घरात उजेड, शेजारच्या घरात अंधार. इतका तडकाफडकी बदल दाखवायला सगळ्याच चाळण्यांचा माल लागतो, अगदी शेवटच्या बारकाव्याचासुद्धा. नेमका तोच जेपेगने फेकलेला! मग रेघेच्या दोन्ही बाजूंना, गुळाभोवती माश्या जमाव्यात तसे, करडे मळके ठिपके उठतात. कडेला घातलेली ती करड्या ठिपक्यांची नाजूक उतरण मोडते. लाल रेघ असेल तर आणखी वाईट, कारण डोळ्याला रंगाचे बारकावे कमी कळतात म्हणून जेपेग बहुधा रंगाची नोंद आणखी विरळ ठेवते. आणि असे चित्र उघडून, किंचित बदलून, पुन्हा साठवले की पुन्हा चाळणी, पुन्हा भुगा. बखरींच्या नकलेवरून नकला झालेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. तिसऱ्या नकलेत गावाचे नाव बदलते आणि पाचव्या नकलेत राजाचे.

गंमत म्हणजे यात बचतही होत नाही. साधी आकृती, उदाहरणार्थ भूमितीचा त्रिकोण किंवा तालुक्याच्या सीमा, पीएनजीत साठवली तर बहुधा जेपेगहून लहान होते आणि स्वच्छही राहते. उलट जत्रेचे छायाचित्र पीएनजीत घातले तर ते कितीतरी पट फुगते. म्हणजे दोष जेपेगचा नाही. गव्हाची चाळणी रव्याला लावणाऱ्याचा आहे.

म्हणून शिक्षकमंडळींना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आकृती ज्या कार्यक्रमात काढली त्यातली मूळ फाइल जपून ठेवा. ती तुमचे टिपण. २००१ साली मान्यता पावलेला एसव्हीजी नावाचा प्रकार यासाठी उत्तम आहे. तो साध्या मजकुरासारखा लिहिलेला असतो आणि सध्याचे ब्राउझर तो थेट दाखवतात. ठिपक्यांत उतरवायचे तर आधी ठरवा, ते कोठे पाहिले जाणार. फोनवर पाहायचे तर दीड-दोन हजार ठिपक्यांची रुंदी पुरे. छापायचे तर इंचाला ३०० च्या हिशेबाने. सहा इंच रुंद आकृतीला १,८०० ठिपके. लहान उतरवून मग ताणू नका, ताणल्याने नवे ठिपके अंदाजाने भरले जातात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवलेली आकृती जेपेगमध्ये जाते तेव्हा तेथे पारदर्शकपणाला जागाच नसते, आणि कधी कधी काळ्या रेघा काळ्या पाटीवर येऊन बसतात. तेव्हा आधी पांढरा कागद घाला. आणि एखाद्या अर्जाला जेपेगच हवे असा हट्ट असेल, तर गुणवत्तेचा आकडा वर ठेवून अगदी शेवटी एकदाच जेपेग करा. फोनवरून धाडताना पुष्कळ कार्यक्रम चित्राची आणखी एकदा घडी घालतात. तेथे चित्र म्हणून न धाडता दस्तऐवज म्हणून धाडले तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

राहता राहिली उलटी वाट, ठिपक्यांवरून रेघ काढण्याची. तशी यंत्रे आहेत आणि ती बरी चालतात. स्वच्छ पीएनजी दिले तर रेघ पुष्कळशी मूळच्याजवळ जाते. मळक्या जेपेगवर ती माश्यांनाही रेघा समजतात आणि बांधाचा काटकोनी कोपरा गोल करून देतात. आणि तो गोल कोपरा मग आकड्यांत, दशांश चिन्हासह, इतका नेमका लिहिलेला असतो की पाहणाऱ्याला वाटावे, हे मोजणीचेच टिपण आहे.